नागपूर ते चिखलदरा : जुन्या बसची हवा नेमकी कुठून जात होती

आमची गाडी म्हणजे शाळेची जुनी बस. बाकं काढून आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि मागे छोटं न्हाणीघर करून घेतलंय. इंजिन अजून खणखणीत आहे. पण जुन्या बसमध्ये घर थाटणाऱ्यांचं लक्ष सगळं पडदे, सोलर आणि गॅसच्या शेगडीकडे जातं, आणि ज्या हवेवर ब्रेक चालतात तिच्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. म्हणून डिसेंबरातल्या चिखलदऱ्याच्या फेरीचा हा वृत्तांत लिहितोय. चिखलदऱ्याबद्दल यात कमीच आहे, हवेबद्दल जास्त.

सकाळी सहाला मानेवाड्याहून निघालो. मी, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. आदल्या रात्री साडेसात किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाने हवा भरून, पार्किंग ब्रेक लावून गाडी बंद केली होती. सकाळी हवेच्या दाबाचे दोन्ही काटे पाचाच्या आसपास होते. हे महिनाभर असंच चाललं होतं. रात्रीतून पाचावर येतं आणि तिथंच थांबतं, म्हणून मी निर्धास्त होतो. हवा थांबते, म्हणजे मोठं काही नसणार, असा माझा हिशेब.

वाडी ओलांडून अमरावती रोडला लागलो. बाजारगाव गेलं, कोंढाळी जवळ आली, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आज ते फुस्स का होत नाहीये?" हवेच्या टाक्या भरल्या की ड्रायर, म्हणजे हवेतलं पाणी शोषणारा डबा, साचलेलं पाणी आणि हवा बाहेर फेकतो, तो आवाज. एरवी घरातून निघाल्यावर पाच-सात मिनिटांत पहिला फुस्स होतो आणि मग अधूनमधून होत राहतो. त्या दिवशी तासभरात एकदाही झाला नव्हता. म्हणजे कंप्रेसर (इंजिनावर चालणारा हवेचा पंप) सलग हवा भरत होता आणि भरलेली हवा तेवढ्याच वेगाने कुठेतरी निघून जात होती. पुढे टोलच्या रांगेत इंजिन नुसतं फिरत असताना काटा डोळ्यांदेखत सातावरून सहावर उतरला. तुमच्या गाडीत असं दिसलं तर "पुढे बघू" म्हणू नका. सतत चालणारा कंप्रेसर तापतो, तापला की तेल वर फेकतो, ते तेल ड्रायरच्या पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर बसतं, आणि मग पाणी न अडता थेट व्हॉल्व्हांमध्ये शिरतं. एका गळतीतून पुढच्या चार दुरुस्त्या अशा जन्माला येतात.

तळेगावच्या पुढे संत्र्यांच्या दुकानापाशी थांबलो. अंबिया बहाराची संत्री, हातात घेतली की वास येतो. तिथे मी सवयीपेक्षा उलट केलं : आधी इंजिन बंद केलं, मग पार्किंगचा खटका ओढायला हात नेला. मधल्या त्या चार-पाच सेकंदांत पायाशी स्पष्ट "सुऽऽऽ" ऐकू आलं. खटका ओढला आणि आवाज बंद. उत्तर तिथेच समोर होतं. पण मी फक्त "पायाशी आवाज आला" एवढंच लक्षात ठेवलं.

अमरावतीला एका गॅरेजमध्ये मी सांगितलं, फूट व्हॉल्व्हमधून, म्हणजे ब्रेकच्या पेडलखालच्या व्हॉल्व्हमधून, हवा जातेय. त्यांनी खालच्या तोंडाशी हात लावला, हवा हाताला लागली, व्हॉल्व्ह बदलला. मग पार्किंग लावून, साबणाचं पाणी मारून दाखवलं. एक बुडबुडा नाही. मीही समाधानाने पैसे दिले. गाडी रस्त्यावर काढली, पार्किंग सोडलं, आणि पायाशी पुन्हा तेच "सुऽऽऽ". त्यांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. तपासणीच अशा अवस्थेत झाली होती की ज्यात ती गळती दिसूच शकत नव्हती.

अंधार पडायच्या आत परतवाडा गाठलं आणि मुक्काम तिथेच केला. घाट दुसऱ्या दिवशीवर टाकला. ह्या निर्णयावर बायको ठाम होती आणि तिचंच बरोबर होतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे, परतवाडा त्याच्या पायथ्याशी. चढताना हवा कमी असली तर गाडी निदान उभी करता येते. पण उतरताना पाय वारंवार ब्रेकवर जातो, दर वेळी थोडी हवा खर्च होते, आणि टाकी आधीच गळत असेल तर ती भरून निघत नाही.

सकाळी ज्या मिस्तरींकडे गेलो ते साठीच्या पुढचे. गाडी सपाटीवर घ्यायला लावली, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, आणि हवा पूर्ण भरून इंजिन बंद करायला सांगितलं. मी लगेच कालचा पाढा सुरू केला, फूट व्हॉल्व्ह बदलला तरी आवाज तिथूनच येतोय वगैरे. ते म्हणाले, "भाऊ, आवाज कुठून येते ते नका पाहू. आवाज कव्हा बंद होते ते पाहा."

त्यांनी तळवा फूट व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरला आणि लेकीला गाडीत बसवलं. "लाव पार्किंग, बाई." आवाज बंद. "सोड." आवाज सुरू. असं तीनदा. मग पार्किंग सोडलेलं ठेवून तिला ब्रेक दाबायला सांगितला, तर तळव्याला लागणारी हवा थांबली. ब्रेक सोडला, पुन्हा सुरू. "हा व्हॉल्व्ह चांगला हाय. हवा मागून येऊन राह्यली."

हे नीट समजून घ्या, कारण नवे सुटे भाग इथेच वाया जातात. मागच्या चाकांना डबल चेंबर, म्हणजे ब्रेक लावणारा दोन कप्प्यांचा डबा, असतो. एका कप्प्यात पायाच्या ब्रेकची हवा येते. दुसऱ्यात जबरदस्त स्प्रिंग असते, तीच पार्किंग ब्रेक. पार्किंग लावलं की त्या कप्प्यातली हवा निघून जाते आणि स्प्रिंग चाक धरते, सोडलं की हवा भरून स्प्रिंग मागे दाबली जाते. दोन्ही कप्प्यांच्या मधे एक रबरी सील आहे. ते झिजलं की पार्किंगची हवा पायाच्या ब्रेकच्या कप्प्यात घुसते आणि त्याच पाइपातून उलटी वाहत फूट व्हॉल्व्हपर्यंत येते. पाय ब्रेकवर नसताना व्हॉल्व्हचं खालचं तोंड उघडं असतं, तिथून ती बाहेर पडते. पार्किंग लावलं की स्प्रिंगच्या कप्प्यात हवाच उरत नाही, म्हणून आवाज बंद. ब्रेक दाबला की तोंड मिटतं, म्हणूनही आवाज बंद. गळती मागच्या चाकाशी आणि आवाज ड्रायव्हरच्या पायाशी, मधे अख्ख्या बसची लांबी. ज्यांच्या गाडीत मागे रिले व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकना जवळच्या टाकीतून हवा देणारा व्हॉल्व्ह) आहे त्यांना हाच आवाज रिलेच्या तोंडातून येईल आणि बिचारा रिले बदलला जाईल.

डावा की उजवा, हेही त्यांनी अंदाजाने ठरवलं नाही. पार्किंग लावून दोन्ही चेंबरांचे पायाच्या ब्रेकचे पाइप सोडले, बाजूला झाले, आणि पार्किंग सोडायला सांगितलं. उजव्या चेंबरचं भोक कोरडं. डाव्यातून हवेची सलग धार, सोबत काळपट तेलकट थेंब. पुढचं काम तासाभराचं. लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळून धरली, अख्खा चेंबर बदलला, स्लॅक ॲडजस्टर (चेंबरचा जोर ब्रेकपर्यंत नेणारा दांडा) पुन्हा लावला. जुना चेंबर उघडून नवं सील बसवायचा मोह कुणालाही होईल. करू नका. त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो आणि झाकण सुटलं तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. तसंच चाकांना ठोकळे लावल्याशिवाय पार्किंग सोडलेल्या गाडीखाली शिरू नका, एका मिनिटासाठीही नाही.

आता ती रात्रीची पाच किलोवाली गोष्ट. ती वेगळीच गळती निघाली. हवा पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, पार्किंग आणि हॉर्न-दारासारखी इतर कामं अशा वाटांत विभागलेली असते, आणि मधला संरक्षक व्हॉल्व्ह एक वाट फुटली तरी ब्रेकच्या वाटांमध्ये ठरावीक हवा राखून ठेवतो. म्हणून काटे एका आकड्यापर्यंत उतरून तिथेच थांबत असतील तर आधी हॉर्न, दरवाजा, टायरात हवा भरायला काढलेला नळ, असलं सगळं तपासा. ब्रेकच्याच वाटेत गळती असती तर त्या वाटेचा काटा खाली जात राहिला असता. आमच्याकडे पाण्याच्या टाकीची लोखंडी चौकट बसवताना दाराकडे जाणारा नायलॉन पाइप तिच्या कडेला घासत ठेवला गेला होता. वरून बघता काही कळत नव्हतं. साबणाचं पाणी ब्रशने लावल्यावर पाइपाच्या खालच्या अंगाला तांदळाएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा. पहाटेच्या गारव्यात रबर आणि पाइप आखडलेले असतात तेव्हा गळती जास्त दिसते आणि दुपारी तीच नाहीशी झाल्यासारखी वाटते, म्हणून तपासणी सकाळी करा. तो तुकडा कापून मधे जोड टाकला. पाइप धारदार पात्याने सरळ कापायचा, करवतीने नाही. धाग्याला गुंडाळायची पांढरी टेप इथे नको, तिचे तंतू आत जाऊन व्हॉल्व्हात अडकतात.

मग धामणगाव गढीच्या वाटेने वर गेलो. खालच्या गिअरमध्ये, शांतपणे, आणि ड्रायर मधूनमधून फुस्स करत होता. लेक प्रत्येक फुस्सला टाळी वाजवत होती. गाविलगडावर गेलो, भीमकुंडाच्या कड्यावर बसून डबा खाल्ला, थंडी चांगलीच होती. उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) आणि गिअर यांच्यावर गाडी धरली, पायाचा ब्रेक थोडा-थोडा आणि लवकर सोडत. काटा सातच्या खाली गेला नाही.

तुम्हाला निघण्याआधी घरीच बघायचं असेल तर सपाटीवर ठोकळे लावून, हवा पूर्ण भरून, इंजिन बंद करा, पार्किंग सोडा आणि घड्याळ लावा. अमेरिकेत जड गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत एकट्या गाडीला मिनिटाला २ पौंडांपर्यंत (दर चौरस इंचाला) उतार चालतो, ब्रेक दाबून धरला तर ३ पौंड. आपल्या काट्यावर २ पौंड म्हणजे साधारण ०.१४ किलो, मिनिटभरात दिसणारही नाही. मी स्वतः कडक नियम ठेवलाय : अर्ध्या तासात अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरली तर घाटाचा बेत रद्द. आणि हीच मोजणी पार्किंग लावून, मग कुणाला तरी ब्रेक दाबून बसवून, अशी वेगवेगळी करा. कागदावर आकडे लिहिले की गळती कोणत्या भागात आहे ते कळतं, आणि मगच दुकानात जा.

नागपूरला परतल्यावर वाडीत उजवा चेंबरही बदलून घेतला, तोही डाव्याइतकाच जुना होता. टाक्यांच्या तळाचे नळ आता दर मुक्कामाला उघडतो. पहिल्या दिवशी कॉफीसारखं पाणी आलं, चौथ्या दिवशी नुसती ओल. परवा रात्री साडेसातावर गाडी लावली, सकाळी सात पूर्णांक दोन. ड्रायरचे दाणे बदलायचे राहिलेत, ते पावसाळ्याआधी करणार.