कोल्हापुरी घ्यावी ती कारागिराकडून, आणि पैसे आधी द्यावेत

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलान येथील शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या आणि त्यांच्या मूळ कारागिरांचा साधा उल्लेखही झाला नाही, तेव्हा महाराष्ट्रात उमटलेला संताप रास्त होता. टीका झाल्यावर कंपनीने या चपलांचे मूळ मान्य केले. त्या दिवसांत परिचयातील अनेकांनी कोल्हापुरीविषयीचा अभिमान जाहीरपणे व्यक्त केला, तो मनापासूनच होता. परंतु या अभिमानातून कारागिराच्या घरात चार पैसे कसे पोहोचतील, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

हा व्यवसाय बहुतेक ठिकाणी घरातच चालतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे आणायचे, तळ कापायचे, टाच बसवायची, पट्टे आणि बाजूचे कान जोडायचे आणि कातड्याच्याच वादीने शिवण घालायची, अशी ही कामे घरातली माणसे वाटून घेतात. वेण्या विणण्याचे आणि नक्षीचे काम तर पुष्कळ घरांत स्त्रियाच करतात. माल तयार होऊन विकला जाईपर्यंत कातड्यात पैसे अडकून राहतात. दुकानदाराला माल दिला तर पैसे कधी हाती येतील याची खात्री नसते, आणि पावसाळ्यात कातडे नीट वाळत नाही व गिऱ्हाईकही रोडावते. अशा वेळी कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो, मग त्याच व्यापाऱ्याला तो सांगेल त्या भावात माल द्यावा लागतो. खेळते भांडवल नसणे हे या धंद्याचे खरे दुखणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मला सर्वांत उपयोगी वाटणारी मदत अगदी साधी आहे. दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला चपला लागणारच असतील, तर त्यांची मागणी श्रावण-भाद्रपदातच कारागिराकडे नोंदवावी, पायाचे माप द्यावे आणि निम्मी तरी रक्कम त्याच वेळी हाती ठेवावी. चार-पाच कुटुंबांनी मिळून अशी मागणी दिली, तर त्या घराला कातड्यासाठी उचल घ्यावी लागणार नाही. संस्थांनी आणि कार्यालयांनी समारंभातील भेटवस्तू म्हणून चपला घेतल्या, तर त्यांचे बिलही महिनोन्‌महिने अडवू नये.

खरेदी करताना थोडे डोळसपणे पाहावे लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव देणारी कायदेशीर नोंद, मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. म्हणजे सीमेपलीकडच्या गावात शिवलेली चप्पलही तितकीच अस्सल असते, हे आपण कोल्हापूरकरांनी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. रेक्झिनचे पट्टे आणि यंत्रावरची शिवण असलेली चप्पल मात्र त्याच नावाने निम्म्या किमतीत विकली जाते, आणि तिच्याशी तुलना करून हाताच्या कामाची किंमत पाडून मागणे अन्यायाचे आहे. भाजी घेताना घासाघीस करण्याची सवय येथे आवरावी.

घेतलेली चप्पल वापरावीही. ती पावसात घालू नये, भिजलीच तर सावलीत वाळवावी, अधूनमधून तेलाचा हात द्यावा. अंगठा तुटला किंवा टाच झिजली, तर ती टाकून न देता दुरुस्त करून घ्यावी. नव्या चपलांची विक्री थंडावते त्या दिवसांत दुरुस्तीचे पैसेच अनेकदा घर चालवतात.

आणखी एक काम शिकल्यासवरल्या शेजाऱ्याला सहज करता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत चर्मकारांचाही समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज मिळण्याची तरतूद आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात होते, पण आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक यांची सांगड घालताना अनेक वयस्क कारागीर गोंधळून माघारी फिरतात. त्यांच्यासोबत अर्धा दिवस तेथे बसायला कुणीतरी हवे असते, आणि हे काम आपल्यापैकी कुणालाही करता येण्याजोगे आहे.