सहा स्पीकर उतरवले, तेव्हा कुठे संवाद ऐकू आले

फोनवर तक्रार अशी होती: अकरा स्पीकर, शिवाय खर्जाच्या आवाजासाठी सबवूफर, सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हरही चांगल्यातला, आणि तरीही घरातली माणसं सबटायटल लावून सिनेमे बघतात. "सेंटर जरा मोठा घ्यावा म्हणतोय, कुठला घेऊ?"

होम थिएटर जोडून देणं हा माझा धंदा. त्यामुळे सेंटर, म्हणजे संवादांसाठीचा मधला स्पीकर, बदलायला निघालेल्या माणसाला मी आधी एवढंच विचारतो, की आहे तो ठेवलाय कुठे? टीव्हीखालच्या कपाटात, असं उत्तर आलं. म्हटलं, साहेब, एवढ्यात काही घेऊ नका. मी येऊन बघतो.

घरी गेलो तर सगळा पसारा एका दमात दिसला. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मांडणी ७.१.४ ची, म्हणजे पुढे तीन, बाजूला दोन आणि मागे दोन हे सात, एक सबवूफर आणि वर चार. पण मागचे दोन बसणाऱ्याच्या पाठीशी, समोरून मोजलं तर साधारण १३५ ते १५० अंशांवर असावे लागतात, आणि इथे पाठीशी सरळ भिंतच. म्हणून ते बाजूच्या स्पीकरला खेटून, वीतभर अंतरावर ठेवलेले. छताला भोकं पाडायची नव्हती, तेव्हा 'वरचे' चार कपाटांच्या माथ्यावर चढवले होते आणि तिथून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. रिसीव्हरच्या मागच्या वायरी तर बघवत नव्हत्या.

साहेबांनी हौसेनं एक मारामारीचा प्रसंग लावला. घर दणाणलं. मी म्हटलं, मारामारी राहू द्या, दोन माणसं नुसती बोलत बसलीत असं काहीतरी लावा. ते शोधेपर्यंत त्यांच्या आई सोफ्याच्या कडेला येऊन बसल्या. मी विचारलं, "आजी, तुम्हाला नेमका काय त्रास होतो?"

"अरे, टीव्हीतला माणूस माझ्या कानाशी येऊन बोलतो. आणि बोलतो ते कळतही नाही."

लोक सहसा 'आवाज बारीक येतो', 'घुमतो' असं काहीतरी मोघम सांगतात. आजींनी आवाज कुठून येतो तेच सांगून टाकलं होतं. संवाद यायला हवा सेंटरमधून. तो यांच्या कानाशी पोचलाच कसा?

रिमोटवर माहितीचं बटण असतं, ते फारसं कोणी दाबत नाही. दाबलं की रिसीव्हरच्या आत नेमकं काय येतंय ते दिसतं. इथे येत होतं पीसीएम, म्हणजे टीव्हीनंच उलगडून दिलेला आवाज, आणि तोही फक्त दोन चॅनेल, डावा आणि उजवा. टीव्हीच्या मेनूत आवाजाचं आउटपुट पीसीएमवर राहिलं होतं, त्यामुळे सिनेमात सहा चॅनेल असले तरी टीव्ही त्यांचं स्टिरिओ करूनच पुढे धाडत होता. मग मागचे स्पीकर गप्प. ते वाजावेत म्हणून साहेबांनी कधीतरी 'ऑल चॅनेल स्टिरिओ' लावलं होतं. त्या मोडमध्ये तेच दोन चॅनेल सगळ्या खोक्यांतून वाजतात. पार्टीला ठीक आहे. सिनेमा बघताना मात्र सराउंड म्हणून काही उरतच नाही.

एवढ्यावर भागलं असतं, तर मी दहा मिनिटांत निघालो असतो. पण आणखी एक भानगड होती. रिसीव्हर माइकनं ऐकून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे ते स्वतःच मोजतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात; इथे मेनूत सगळ्या स्पीकरचं अंतर तीन मीटर! मी साहेबांकडे बघितलं.

"ते मशीन चुकलं होतं हो. सबवूफर समोर दिसतोय, आणि ते म्हणतं पाच मीटर. म्हणून मीच सगळं सारखं करून टाकलं, म्हणजे आवाज एकदम येईल."

आता यात त्यांचा तरी काय दोष? मेनूत लिहिलेलं असतं 'अंतर', पण रिसीव्हर त्या आकड्यावरून वेळ काढतो: जवळच्या स्पीकरला किती थांबवून ठेवायचं, म्हणजे सगळे कानावर एकदम पोचतील. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्येच थोडा वेळ जातो, म्हणून तो टेपनं मोजलेल्या अंतरापेक्षा लांब दिसतो. तो आकडा आहे तसाच ठेवायचा. ध्वनीला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. आजींच्या कानापासून बाजूचा स्पीकर हाताच्या अंतरावर, सेंटर तीन मीटरवर. तेच वाक्य बाजूच्या स्पीकरमधून सातेक मिलिसेकंद आधी पोचत होतं, आणि जिथून आवाज आधी येतो तिथेच बोलणारा आहे असं आपला कान धरून चालतो. आजी अगदी शब्दशः बरोबर बोलत होत्या.

मी म्हटलं, मागचे दोन आणि वरचे चार उतरवू या. साहेबांचा चेहरा पडला. "अहो, रिसीव्हर अकराचा आहे." आहे ना, पण खोली पाचाची आहे. थोडी घासाघीस झाली. शेवटी, 'आज काढून ऐका, नाही आवडलं तर मीच परत लावून देतो' यावर तोड निघाली.

सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला. बाजूचे दोन्ही स्पीकर थोडे मागे, ११० अंशांच्या आसपास, आणि कानापेक्षा जरा वर घेतले. डाव्याची वायर काढली तर तांबडं काळ्यात आणि काळं तांबड्यात. अशा वेळी एका स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो, आणि आवाज पोकळ होतो. सेंटर कपाटात आत ढकललेला होता, त्याचं तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे. तो फळीच्या कडेपर्यंत पुढे आणला आणि पुढच्या बाजूखाली रबराचे तुकडे सरकवून कानाच्या रोखानं वर केला. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं, म्हणजे त्यानं किती वरपर्यंतचे सूर वाजवायचे ते ठरवणारं, बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरला, वरचं बाकीच्यांना ही वाटणी रिसीव्हरकडे दिली. दोघांनीही गाळत बसायचं कारण नाही.

मग टीव्हीचं आउटपुट पास-थ्रूवर, म्हणजे आला तसा आवाज पुढे धाडण्यावर, पंखा बंद, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला, आणि कॅलिब्रेशन नव्यानं. आधीचं साहेबांनी माइक हातात धरून उरकलं होतं. आता सबवूफर पुन्हा पाच मीटर दिसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण बटणाला हात लावला नाही.

तोच बोलण्याचा प्रसंग पुन्हा लावला. आजींनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता समोर गेला तो." सबटायटल साहेबांनीच बंद केले.

उरलेलं काम किरकोळ. एचडीएमआयवरून टीव्ही आणि रिसीव्हर एकत्र चालू-बंद होतील असं केलं, त्यामुळे टेबलावर एकच रिमोट उरला. वायरींना चिकटपट्टीवर नावं लिहिली. अंतरं आणि पातळ्या कागदावर उतरवून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

उतरवलेले स्पीकर खोक्यात भरताना साहेब म्हणाले, आधी आवाज भरगच्च होता. खरंच होता, मी कशाला नाकारू? छताचं काम निघेल तेव्हा चार वायरी आतून ओढून ठेवा, म्हटलं. मग वरचे स्पीकर वरच लावू. मागचे दोन मात्र या खोलीत कुठेच बसत नाहीत. ते त्यांना अजून पटलेलं नाही.