आधी नळी, मग दिवा

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाचं पत्र आलं आणि ‘सर्वांगीण आठवणी’ लिहा असं समितीने कळवलं. सर्वांगीण दुसरे लिहितील. मी विज्ञानाच्या सिस्टरवरच, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या धर्मभगिनीवरच लिहिणार. त्यांचं नाव देत नाही. छापलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि वसईत ‘प्रयोगशाळेच्या सिस्टर’ एवढं पुरतं.

त्यांचा ऑक्सिजनचा प्रयोग सगळ्या तुकड्यांना आठवत असेल. कोरड्या परीक्षानळीत पाच ग्रॅम पोटॅशियम परमॅंगनेट. तोंडाशी काचतंतूंचा सैल बोळा, नाहीतर जांभळी पूड वायू नेणाऱ्या वाहकनळीतून थेट तिचं टोक बुडवलेल्या पाण्यात उतरते. नळी स्टँडच्या चिमट्यात तोंडाकडे किंचित उतरती, कारण पुडीतला ओलावा तोंडाशी थंड होऊन मागे गरम तळाकडे ओघळला तर काच तडकते. आधी दिवा नळीखाली मागेपुढे फिरवायचा, मग तळाशी धरायचा. पहिले बुडबुडे नळीतल्या हवेचे, ते सोडून द्यायचे. पाच ग्रॅममधून साधारण साडेतीनशे मिलिलिटर वायू मिळतो, म्हणजे ग्राइपवॉटरच्या छोट्या बाटल्या दोन-तीन सहज भरत. विकत आणलेली वायुपात्रं कपाटातच राहत.

शेवटचा क्रम फळ्यावर कायम लिहिलेला असे: आधी वाहकनळी पाण्याबाहेर, मग दिवा बंद. एकदा एका टेबलावर तो उलटा झाला. आतला वायू थंड होऊन आकसला, पाणी सरसर वर चढलं आणि टिक्‌ करून नळी तडकली. सिस्टरनी सगळा वर्ग त्या टेबलाभोवती बोलावला. पाणी वर का चढलं, एवढंच विचारत राहिल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. उत्तर निघाल्यावर त्यांनी फुटतुटीच्या वहीत नोंद केली: परीक्षानळी एक, कारण दिवा आधी. मुलीचं नाव लिहिलं नाही. रागावण्यापेक्षा हे फार कडक होतं, असं माझं मत.

काचेची इतकी काळजी करणाऱ्या या बाईंना स्वतःची चप्पल घ्यायलाही सुपीरियरची, म्हणजे मठप्रमुखांची परवानगी लागे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं आपण धर्मशिक्षणात पाठ केली, पण दारिद्र्याचा हिशेब फार थोड्यांना माहीत आहे. अनुदानित शाळेतला पगार शासनाकडून सिस्टरच्या नावे येतो आणि जसाच्या तसा त्यांच्या धर्मसंस्थेच्या सामायिक खात्यात जातो. पेन्शनचंही तेच. त्या पगारातून उगमाशी आयकर (टीडीएस) कापायचा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कापायचा असा निकाल दिला. ही व्रतं एका दिवसात घेता येत नाहीत. आधी उमेदवारी, मग निदान वर्षभराचा नोव्हिशिएट म्हणजे व्रतांआधीचा प्रशिक्षणकाळ, मग मुदतीची व्रतं आणि काही वर्षांनी कायमची. त्यातच बी.एस्सी., बी.एड. उरकायचं. पहाटेची प्रार्थना, मनन, मिस्सा झाल्यावर शाळा, दुपारी बाराला आंजेलुस ही छोटी प्रार्थना. संध्याप्रार्थना आणि जेवण यांच्यामध्ये जो वेळ उरे त्यात आपल्या वह्या तपासल्या जात.

सिस्टर म्हटलं की लोकांना दवाखाना आठवतो. पण खुद्द मदर तेरेसा १९४८ पर्यंत लोरेटो संस्थेच्या सिस्टर होत्या. कोलकात्यात एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत त्या भूगोल शिकवत आणि १९४४ पासून तिथल्या मुख्याध्यापिका होत्या, हे कितीजणांना ठाऊक आहे?

आज्ञापालनाचा अर्थ आपल्याला कळला तो आपल्या सिस्टरच्या बदलीच्या पत्राने. प्रोव्हिन्शियलचं, म्हणजे संस्थेच्या प्रांतप्रमुखांचं पत्र आलं, ट्रंक भरली, दुसऱ्या जिल्ह्यात रुजू. नाही म्हणायची सोय नाही. संस्थेच्या दृष्टीने ते बरोबर असेल, शाळेचं नुकसान झालं ते झालंच.

आमच्या तुकडीतल्या दोघी आज औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणीचं काम करतात. त्या नोंदवह्या कुठे शिकल्या ते सांगायला नको. आता शाळेत हा प्रयोग पडद्यावर दाखवतात. पडद्यावर नळी तडकत नाही, मग क्रम लक्षात राहायचा कसा?

महोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान होणार आहे म्हणे. त्यातले थोडे पैसे प्रयोगशाळेला द्यावेत, ही विनंती. कठीण काचेच्या परीक्षानळ्या, स्टँडचे चिमटे आणि रबरी बुचं आणावीत. सर्वांत आधी बुचं, कारण जुनी सगळी कडक होऊन चिरली आहेत आणि त्यांतून वायू गळतो.