मंत्रांची यादी आणि एक बटण

मंगळवार, रात्र

आज रॅथ ऑफ द रायचस या कॉम्प्युटर गेममधली बफांची, म्हणजे आपल्याच माणसांवर आधी मारून ठेवायच्या मदतीच्या मंत्रांची, सगळी मांडणी लावून झाली आणि झोप यायच्या आत लिहून ठेवतेय. पाथफाइंडर या टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमच्या नियमांवरचा हा गेम 2021 चा, सहा जणांची पार्टी घेऊन राक्षसांनी व्यापलेल्या वर्ल्डवूंडमध्ये शिरायचं. ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये की मोठ्या लढाईच्या दारात किती वेळ नुसते मंत्र मारत उभं राहावं लागतं. साथीदारांपैकी नेनिओला सिलेक्ट करा, मेज आर्मर मारा, मग शील्ड, मग मिरर इमेज, मग सोसिएलकडे जा, शील्ड ऑफ फेथ सीलाला, मग तोच दुसऱ्याला, मग डेरन, आणि प्रत्येक वेळी हात वर करायचं ते ॲनिमेशन बघा, आणि हे चालू असताना घड्याळ थांबलेलं नसतं, सुरुवातीला मारलेल्या मंत्रांची मिनिटं संपत चाललेली असतात.

इतके मंत्र लागतात याचं मूळ नियमांत आहे. एकाच प्रकारचे दोन बोनस इथे बहुतेक वेळा बेरजेत धरत नाहीत, त्यातला मोठा तेवढा लागू होतो. पण मेज आर्मरचा बोनस चिलखताचा, शील्डचा ढालीचा, शील्ड ऑफ फेथचा डिफ्लेक्शनचा, बार्कस्किनचा नॅचरल आर्मरचा, म्हणजे चारही वेगळे, चारही एकमेकांत मिळतात, मग एकही सोडवत नाही. त्यात जादूनं खेचली जाणारी लेव्हल वाचवायला डेथ वॉर्ड, जखडलं जाऊ नये म्हणून फ्रीडम ऑफ मूव्हमेंट, आग आणि ॲसिडसाठी वेगळं काहीतरी. याला सहानं गुणा.

यासाठी एका चाहत्यानं बनवलेला बबल बफ्स नावाचा मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायची भर, आहे. कुठला मंत्र कुणावर, तो कुणी मारायचा, कुठल्या गटात टाकायचा हे एकदा ठरवून द्यायचं, मग त्या गटाचं बटण दाबलं की ॲनिमेशनशिवाय सगळं एका झटक्यात लागतं. मला हे फार आवडलं, आणि आवडायचं कारण वेळ वाचतो एवढंच नाहीये.

यादी करायला बसलं की प्रत्येक मंत्र किती टिकतो ते बघावंच लागतं. दहाव्या लेव्हलच्या कॅस्टरचा (मंत्र मारणाऱ्याचा) मेज आर्मर 10 तास टिकतो, बार्कस्किन 100 मिनिटं, शील्ड 10 मिनिटं आणि हेस्ट फक्त 10 राउंड, म्हणजे एक मिनिट. हाताने मारताना हे सगळे एकाच रांगेतले वाटतात, पण गट पाडायला घेतले की कळतं यांचे स्वभाव किती वेगळे आहेत. तासांचे सकाळी उठल्यावर एकदा, दहा-दहा मिनिटांचे एखाद्या इमारतीत शिरताना, मिनिटांचे दाराशी. आणि राउंडांचे मी कुठल्याच गटात टाकलेले नाहीत, हेस्ट मी लढाई सुरू झाल्यावर हातानेच मारते, कारण समोर कोण आहे आणि ते किती लांब उभे आहेत हे बघून ठरवायचा मंत्र आहे तो, त्याला बटणात बांधलं तर खेळायला उरलं काय. एन्ड्युअरिंग स्पेल्स ही मिथिक क्षमता (नेहमीच्या लेव्हलपेक्षा वेगळ्या, मिथिक लेव्हलवर मिळणारी खास ताकद) घेतली की साथीदारांवर मारलेले तासाच्या वरचे मंत्र 24 तास टिकतात, आणि तिच्या पुढची घेतली तर पाच मिनिटांच्या वरचेही, मग गटच बदलतात, सगळी यादी परत बघायची. मला ते काम वाटत नाही, मजा येते.

आणि बटण दाबलं म्हणून काही फुकट मिळत नाही. स्लॉट, म्हणजे पुढच्या झोपेपर्यंत किती मंत्र मारता येतील तो कोटा, खर्च होतातच, आणि वाटेल तेव्हा झोपून ते परत आणता येत नाहीत, बाहेर मुक्काम वाढत गेले की करप्शन, म्हणजे पार्टीला कमजोर करत जाणारा विटाळ, चढतं. म्हणून कोण काय मारणार यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. डेरन ओरॅकल आहे, त्याचे एका लेव्हलचे स्लॉट सगळ्या मंत्रांना सामाईक, त्याच्या नावावर बफ टाकत गेलं की नेमके बरं करायचे मंत्र कमी पडतात. सोसिएल क्लेरिक, तो सकाळीच काय काय तयार ठेवायचं ते ठरवतो, त्यामुळे जे रोज लागणारच आहेत ते सोसिएलकडे दिले आणि डेरनला मोकळा ठेवला. एवढा एक बदल केला आणि पार्टी कितीतरी जास्त वेळ मुक्कामाशिवाय चालायला लागली.

काही जण म्हणतात हे म्हणजे चीटिंग. मला हे पटतच नाही. चाळीस वेळा क्लिक करण्यात कौशल्य कुठलं, कौशल्य आहे ते काय लावायचं आणि काय राखून ठेवायचं यात, आणि ते तर अजूनही माझ्याकडेच आहे.

शिवाय ही कल्पना नवीन कुठे आहे. बाल्डर्स गेट 2 मध्ये, म्हणजे 2000 साली, ही सोय मंत्र म्हणूनच दिलेली होती. मायनर सिक्वेन्सरमध्ये दोन छोटे मंत्र साठवून ठेवायचे, स्पेल सिक्वेन्सरमध्ये चौथ्या लेव्हलपर्यंतचे तीन, स्पेल ट्रिगरमध्ये सहाव्यापर्यंतचे तीन, आणि मग एकदम सोडायचे. कंटिन्जन्सी तर त्याहून भारी, अट घालून ठेवायची, म्हणजे अर्धा जीव उरला की स्टोनस्किन आपोआप लागू दे वगैरे, आणि विसरून जायचं. मला आजही ती रचना सगळ्यात सुंदर वाटते कारण तिथे ऑटोमेशन हीच जादू आहे, मेन्यूतली सोय नाही, विझार्ड हुशार आहे म्हणून त्यानं आधीच तजवीज करून ठेवलीये. आणि शत्रूचे विझार्डही तेच करतात, दिसल्या दिसल्या त्यांच्याभोवती तीन-चार कवचं एकदम उभी राहतात, मग ती कुठल्या क्रमानं उतरवायची ही खरी लढाई.

फायनल फँटसी 12 मधले गॅम्बिट (2006) दुसऱ्या टोकाचे, अट आणि कृती अशा बारापर्यंत ओळी प्रत्येकाला लावायच्या, वरच्या ओळीला आधी मान, कुणावर प्रोटेक्ट नसेल तर लाव म्हटलं की तो लावत राहतो. छान चालतं, फक्त दमवणाऱ्या लढाईत एमपी (मंत्र मारायची शक्ती) कुठे जातोय यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि पिलर्स ऑफ इटर्निटीनं 2015 मध्ये प्रश्नच मिटवला, बहुतेक मंत्र लढाई सुरू झाल्यावरच मारता येतात, आधी तयारी नाहीच. स्वच्छ उपाय आहे, मान्य. पण मला दाराबाहेरची ती तयारी हवी असते. आत काय असेल याचा अंदाज बांधायचा, अंडेड, म्हणजे मेलेले पण चालतेफिरते शत्रू, असतील तर डेथ वॉर्ड आधी, आग असेल तर दुसरं काही. तो अंदाज काढून टाकला तर लढाई कुठूनही सुरू झाल्यासारखी होते.

डेथ वॉर्ड अजून मिनिटांच्याच गटात आहे, दर लेव्हलला एक मिनिट. पुढची मिथिक लेव्हल आली की त्याला वरच्या गटात हलवायचा आणि सोसिएलचे चौथ्या लेव्हलचे स्लॉट परत मोजायचे, बहुतेक फ्रीडम ऑफ मूव्हमेंट दोघांपुरताच ठेवावा लागेल, सीलाला आणि मला.