नेटवर्क स्विचच्या पोर्टवरची बँडविड्थ बघायला टूल कुठलं घ्यावं

टूलची नावं शोधत बसण्याआधी एक ठरवा, या पोर्टवरून किती ट्रॅफिक जातंय एवढंच बघायचंय की ते नेमकं कोण ओढतंय हे पण हवंय, कारण दोन्हीची टूलं वेगळी आहेत.

नुसतं किती हवं असेल तर एसएनएमपी पुरतं, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांचे आकडे विचारायची ठरलेली पद्धत. स्विच प्रत्येक पोर्टचे बाइट मोजतच असतो, टूल ठराविक वेळाने आकडा विचारतं, मागचा वजा करतं, बाइटचे बिट करायला ८ ने गुणतं, सेकंदांनी भागतं, झाला ग्राफ. एमआरटीजी नावाचं टूल १९९५ पासून हेच करतंय आणि एकदोन स्विच असतील तर मी आजही तेच लावेन. स्विच बरेच असतील तर लिब्रेएनएमएस, पोर्ट स्वतः शोधून घेतं म्हणून डोक्याला ताप कमी. ग्राफाना (ग्राफ दाखवणारं टूल) आधीपासून चालू असेल तर प्रोमिथियसचा (आकडे गोळा करून साठवणारं टूल) एसएनएमपी एक्स्पोर्टर जोडा, नवीन काही उभारू नका.

पण खरं सांगू का, टूलपेक्षा काउंटर महत्त्वाचा. पोर्टमधून आत आलेले बाइट मोजणारा जुना काउंटर, इफ-इन-ऑक्टेट्स, ३२ बिटचा आहे, साधारण ४.२९ जीबी झाले की परत शून्यावर येतो, आणि १ गिगाबिटचा पोर्ट पूर्ण भरलेला असेल तर हे ३४ सेकंदांत होतं! तुम्ही विचारताय दर ५ मिनिटांनी, मधे तो कितीदा फिरला ते टूलला कळणारच नाही, ग्राफ मस्त दिसेल पण आकडा खोटा. म्हणून ६४ बिटचा इफ-एचसी-इन-ऑक्टेट्सच वापरा, त्याला एसएनएमपीची व्ही२सी किंवा व्ही३ आवृत्ती लागते, व्ही१ वर तो मिळत नाही.

दुसरं म्हणजे सरासरी. १ गिगाबिटचा पोर्ट १० सेकंद फुल्ल भरला आणि बाकी वेळ रिकामा राहिला तर ५ मिनिटांच्या ग्राफवर ३३ एमबीपीएस दिसतात, लोक मात्र नेट अडकतंय म्हणून ओरडत असतात आणि ते बरोबरच असतात. पोलिंग, म्हणजे आकडा विचारायचं अंतर, ३० सेकंदांवर आणा, सोबत इफ-आउट-डिस्कार्ड्सचा (बाहेर न पाठवता टाकून दिलेल्या पॅकेटांचा काउंटर) ग्राफ लावा, तो चढत असेल तर पोर्टवर पॅकेट खरंच गळतायत.

कोण ओढतंय हे बघायला एसफ्लो किंवा नेटफ्लो लागतं, त्यात कुणाकडून कुणाकडे किती ट्रॅफिक गेलं ते स्विच स्वतः कळवतो, ते स्विचमध्ये आहे का आधी तपासा. एसफ्लो सगळी पॅकेट बघत नाही, सॅम्पल घेतं, त्यामुळे मोठे ग्राहक पटकन सापडतात, बारीकसारीक निसटतात. तेही नसेल तर पोर्ट मिररिंग करून (त्या पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवून) एका मशीनवर एनटॉपएनजी हे ट्रॅफिक तपासायचं टूल चालवा, फक्त १ गिगाबिटच्या पोर्टची दोन्ही दिशांची ट्रॅफिक मिळून २ गिगाबिटपर्यंत जाऊ शकते, ती १ गिगाबिटच्या मिरर पोर्टात मावणार नाही.

आणि हो, ग्राफ वाचताना इन म्हणजे स्विचच्या आत येणारं, म्हणजे पलीकडच्या सर्व्हरचा तो अपलोड असतो, डाउनलोड नाही.