बंद दाराआड

रविवार, १९ एप्रिल २०२०

सकाळी मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, पाहिली. 'पाहिली' असंच लिहावं लागतंय. कोरोनाच्या टाळेबंदीआधी आम्ही मिस्सेला जायचो. 'एकमेकांना शांती द्या' म्हणताना फादरांनी क्षणभर रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मी स्क्रीनसमोर हात जोडले.

आजचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा उतारा, योहानाचं, विसावा अध्याय. भीतीने दारं लावून बसलेले शिष्य आणि त्यांच्या मधोमध येऊन उभा राहिलेला येशू. ईस्टरनंतरच्या रविवारी हा उतारा दरवर्षी येतो, पण ती बंद दारं नुसती कानावरून जायची. आज तिथेच अडकले. गेल्या रविवारी, ऐन ईस्टरला, जेरुसलेममधलं पवित्र कबरेचं चर्चही लोकांसाठी बंद होतं. येशू उठला तेव्हा जिथल्या कबरेवरची धोंड लोटली गेली, त्याच जागेला कुलूप!

मग थोमा, त्या शिष्यांपैकीच एक. येशू उठला हे पटायला त्याला त्याच्या जखमांना हात लावून पाहायचं होतं. मला तो नेहमी हट्टी वाटायचा. आज वाटला नाही. महिना होत आला, मी आईला हात लावलेला नाही. माझी ड्यूटी रुग्णालयात, तिला दमा. तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर ताट ठेवते, मागे सरकते, मग ती उचलते. काल ताट घेताना तिचा हात थरथरला, थोडी आमटी सांडली. पुसायलाही पुढे होता आलं नाही.

येशूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, मग बरं केलं. प्रेम म्हणजे जवळ जाणं, हेच लहानपणापासून शिकत आले. आणि आज माझी सगळी माया हात आवरून धरण्यात खर्च होते. हे अजून मनाला पटत नाही. प्रार्थनेत तसं स्पष्ट सांगितलंही.

शिष्यांनी दार भीतीने लावलं. आमचं दार? त्यात भीती किती आणि माया किती, मला वेगळं काढता येत नाही. पण येशूने त्यांना जाब विचारला नाही, दार उघडा असंही म्हटलं नाही. आत आला आणि म्हणाला, तुम्हांस शांती असो. दुपारभर तेवढंच मनात घोळत होतं.

रात्री आईने आतून जपमाळ सुरू केली. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला भाग तिचा, उरलेला माझा, दाराच्या या बाजूने. तिसऱ्या रहस्याला, म्हणजे जपमाळेच्या तिसऱ्या भागाला, तिला खोकला आला. मी उठले, हात कडीपर्यंत गेला आणि थांबला. आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पुढचा मणी.