सावली मोजून बसवलेले सौर पॅनेल

जुळे सोलापुरातील आमच्या घराचा वीजवापर महिन्याला सुमारे दोनशे दहा युनिट असतो आणि कूलर सुरू झाला की तो अडीचशेच्या पुढे जातो. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिट ओलांडले की पुढचे युनिट बरेच महाग पडतात, आणि आमच्या बिलाचा मोठा भाग तिथूनच येत असे. फेब्रुवारी 2024 मध्ये घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली, तेव्हा मी वर्षभराची बिले काढून हिशेब मांडला. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. म्हणजे आम्हाला दोन किलोवॉट पुरेसे होते. त्यावर 60,000 रुपये अनुदान होते. तिसऱ्या किलोवॉटसाठी केवळ 18,000 रुपये अधिक मिळणार असल्याने तो मोह मी टाळला.

अर्ज भरण्याआधीच एक अडचण उभी राहिली. वीजबिल अजून माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होते, तर अर्जदार, ग्राहक आणि अनुदान जमा होणारे बँक खाते ही तिन्ही नावे जुळणे आवश्यक होते. मृत्यूचा दाखला, घराची कागदपत्रे आणि वारसांची संमती जोडून मीटर सासूबाईंच्या नावावर करण्यात पाच आठवडे गेले. “एवढ्यासाठी यांचं नाव काढायचं का गं?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला लगेच उत्तर सुचले नाही.

दुसरी अडचण पैशांची होती. अनुदान संच बसून, तपासणी होऊन मगच खात्यात येते, त्यामुळे आधी संपूर्ण रक्कम उभी करावी लागते. तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके घेतली. सर्वात स्वस्त दरपत्रकातील पॅनेलचे सेल, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारे त्यातले तुकडे, परदेशी होते, आणि अनुदानासाठी सेलही भारतीय बनावटीचेच लागतात. दुसऱ्यात अर्थिंग आणि उंच सांगाड्याचा खर्च धरलेलाच नव्हता. तिसऱ्याने या सर्वांसह 1,30,000 रुपये सांगितले. बचतीचे 45,000, भिशीचे 25,000 आणि अनुदानाइतकेच, म्हणजे 60,000 रुपये बचत गटाचे कर्ज, अशी जुळवाजुळव केली. बॅटरी घेतली नाही, कारण तिने खर्च फार वाढला असता. याचा अर्थ असा की बाहेरची वीज गेली की भर दुपारीसुद्धा आमचा संच बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्थाच तशी केलेली असते. ही गोष्ट विक्रेत्यांपैकी एकानेही आपणहून सांगितली नाही.

खरा घोळ मात्र गच्चीवर होता. जागा पाहायला माणूस आला तो मे महिन्याच्या मध्यास. त्या दिवसांत सोलापुरात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपण अनुभवतो तोही याच सुमारास. गच्चीच्या दक्षिणेला जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी आहे. “सावलीचा प्रश्नच नाही,” असे म्हणत त्याने खोलीला लागूनच खुणा केल्या, कारण तिथून केबल कमी लागली असती. मला मात्र संक्रांतीच्या पतंगांचे दिवस आठवले. तेव्हा त्याच जागेवरून आम्ही उन्हासाठी सरकत सरकत गच्चीच्या मध्यापर्यंत जातो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि इथे भर दुपारीही सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास पडते. शिवाय पॅनेल एका साखळीत जोडलेले असल्याने एकावर सावली आली तरी सगळ्या साखळीची वीज घटू शकते. थोडी हुज्जत झाली, केबलचे अडीच हजार वाढले आणि चारही पॅनेल दहा फूट उत्तरेला, दक्षिणाभिमुख असे बसले.

ऑगस्टमध्ये काम झाले, सप्टेंबरात घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर लागला आणि ऑक्टोबरात अनुदान जमा होताच बचत गटाचे कर्ज फेडले. बिल शून्य होत नाही. स्थिर आकार राहतोच. एप्रिलच्या कडक उन्हात युनिट खूप वाढतील ही माझी अपेक्षाही चुकली, कारण पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. धूळ मात्र पुसावीच लागते. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि बोअरच्या पाण्याने काचेवर क्षारांचे डाग पडतात, म्हणून नळाचे दोन बादल्या पाणी राखून ठेवते आणि पहाटे, पॅनेल थंड असताना, फडक्याने पुसून घेते.

सगळी गच्ची अडली, आता वाळवण कुठे घालायचे, अशी सासूबाईंची तक्रार होती. हिवाळ्यातील सावलीसाठी मोकळ्या सोडलेल्या त्या दहा फुटांच्या पट्ट्यावर एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर ऊन असते. यंदा त्यांनी तिथेच कुरडया घातल्या.